बझरवर बोट कुणाचं?

कोल्हापूरच्या कविता चावला सप्टेंबर 2022 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या चौदाव्या हंगामातल्या पहिल्या करोडपती ठरल्या. शिक्षण बारावीपर्यंत, वय पंचेचाळीस, घर सांभाळणाऱ्या. मुलाचा अभ्यास घेता घेता आपलाही अभ्यास होत गेला, असं त्यांनी सांगितलं. गावात कौतुक झालं, सत्कार झाले, ‘कोल्हापूरची गृहिणी करोडपती’ असे मथळे आले. त्या बातम्यांत एक तपशील होता, तो मात्र वाचून सगळे पुढे गेले. 2000 साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून त्या प्रयत्न करत होत्या. आदल्या वर्षी तर मुंबईच्या स्टुडिओपर्यंत पोचून, ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ खेळून, हॉट सीटवर न बसताच त्या परत आल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या.

एक कोटीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना काही मिनिटं लागली. तो प्रश्न ऐकायला मिळावा म्हणून बावीस वर्षं गेली. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बायका कमी का दिसतात, या सवालाचा आढावा घ्यायचा तर माझ्या मते त्या काही मिनिटांपेक्षा या बावीस वर्षांकडे बघायला हवं.

आधी करोडपतींची यादी पाहू. 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसवर अमिताभ बच्चन यांनी पहिला प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी तरुण. त्या वर्षी कोल्हापुरातल्या किती घरांत ‘बघ, तो नवाथे बघ’ म्हणून पोरांना सुनावलं गेलं असेल, याची गणती नाही. पोरींना कुणी तसं सुनावल्याचं मला आठवत नाही. एकटीने खेळून कोटी जिंकणारी पहिली स्त्री यायला त्यानंतर दहा वर्षं जावी लागली. झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम 2010 साली जिंकल्या. मग मुंबईच्या सुनमीत कौर सहाव्या हंगामात पाच कोटींपर्यंत गेल्या, 2013 मध्ये सहारनपूरची फिरोज फातिमा आली, 2017 मध्ये जमशेदपूरच्या अनामिका मजुमदार, 2018 मध्ये गुवाहाटीच्या बिनिता जैन, 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. आणि 2020 मध्ये नवलच झालं. नाझिया नसीम, मोहिता शर्मा, अनुपा दास आणि डॉ. नेहा शाह. त्या हंगामातल्या चारही करोडपती बायकाच. 2021 ची पहिली करोडपती आग्र्याची हिमानी बुंदेला, दृष्टिहीन शिक्षिका. 2022 च्या आपल्या कविता चावला.

ही यादी पुढे करून काही जण म्हणतात, झालं की मग, कुठाय विषमता? मला हा युक्तिवाद पटत नाही. जिंकणाऱ्यांची यादी हा शेवटच्या चाळणीनंतर उरलेला माल. ज्या बाईला नोंदणीपासून स्टुडिओपर्यंत पुरुषापेक्षा दोन-चार अडथळे जास्त ओलांडावे लागतात, ती खुर्चीवर बसते तेव्हा तयारीचीच असते. म्हणून जिंकणाऱ्यांत बायका भरपूर आणि येणाऱ्यांत कमी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सुरुवातीच्या हंगामांतली ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ला बसणारी ती दहाजणांची रांग आठवा. शर्ट-पँटच्या गर्दीत एखाददुसरी साडी किंवा सलवार-कमीज दिसायची, आणि अमिताभजी तिच्याशी बोलताना आवाज जरा मऊ करायचे.

हा भारतापुरता मामला नाही. मूळ इंग्रजी कार्यक्रम ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ ब्रिटनमध्ये 1998 साली सुरू झाला. तिथे पहिला दहा लाख पौंडांचा विजेता कोण, तर ज्युडिथ केपेल ही बाई, नोव्हेंबर 2000 मध्ये. पण तिथेही खुर्चीवर येणाऱ्यांत पुरुषांचीच बहुसंख्या असायची. अमेरिकेत तर फोनवरून प्रश्नांची उत्तरं देऊन प्रवेश मिळायचा. आवाज नाही, चेहरा नाही, ओळख नाही, त्यामुळे कुणी भेदभाव केला असं म्हणायला जागाच नव्हती. तरी गोऱ्या पुरुषांचाच इतका भरणा झाला की सूत्रसंचालक रेजिस फिल्बिन यांना बायकांनी आणि इतरांनी फोन करावेत म्हणून आवाहन करायची वेळ आली. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात हा समज तिथेच खोटा पडला होता.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि ते मला फार बोलकं वाटतं. बीबीसीचा ‘मास्टरमाइंड’ हा काळ्या खुर्चीवरचा, अंधाऱ्या स्टुडिओतला, अंगावर येणारा कार्यक्रम 1972 मध्ये सुरू झाला. त्याचे पहिले तीन विजेते लागोपाठ बायका होत्या. नॅन्सी विल्किन्सन, पॅट्रिशिया ओवेन, एलिझाबेथ हॉरॉक्स. पहिला पुरुष विजेता मिळायला 1975 साल उजाडलं. त्या कार्यक्रमात बझर नसतो. कुणाच्या आधी बोट दाबायचं नसतं. शिवाय अर्धा खेळ स्पर्धकाने स्वतः निवडलेल्या विषयावर होतो. तीन विजेत्यांवरून सिद्धांत मांडायचा मोह मी आवरतो, पण खेळाची रचना बदलली की कोण वर येतं तेही बदलतं, एवढं म्हणायला हरकत नसावी.

रचनेचाच मुद्दा निघालाय तर ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’कडे येऊ. चार पर्याय क्रमाने लावायचे, सगळ्यांत आधी लावेल तो खुर्चीवर. यात माहिती लागते, पण त्याहून जास्त लागते ती खात्री नसताना बोट चालवायची सवय. ही सवय कुठे लागते? कोल्हापूर परिसरातल्या शाळा-कॉलेजांच्या प्रश्नमंजूषांत प्रश्न विचारायला मी बऱ्याचदा बसलो आहे. तिघांचा संघ असतो, टेबलावर एक बझर, एक कोरा कागद, एक पेन. दोन मुलं आणि एक मुलगी असेल तर पेन हमखास मुलीच्या हातात असतं आणि बझर मुलाच्या. प्रश्न पुरा होतो, मुलगी कागदावर उत्तर लिहिते, कागद सरकवते, मुलगा ते वाचतो, मग बझर दाबतो आणि खणखणीत आवाजात उत्तर देतो. टाळ्या त्याला. एकदा मी मध्येच म्हटलं, उत्तर लिहिलं कुणी, तिनंच सांगावं. पोरगी उठली आणि म्हणाली, “सर, नक्की नाही, पण…” उत्तर बरोबर होतं. शेजारच्या संघातला मुलगा त्याआधी सलग दोन चुकीची उत्तरं छातीठोक देऊन बसला होता, त्याने एकदाही ‘नक्की नाही’ म्हटलं नव्हतं.

या ‘नक्की नाही’वर अर्थशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केलेला आहे. कॅथरिन बाल्डिगा यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बहुपर्यायी प्रश्नांचा आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार म्हटल्यावर, सारखीच माहिती असलेल्यांपैकी बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून दिले. दंड काढून टाकला की सगळ्यांनी सगळे प्रश्न सोडवले, फरक संपला. आपल्याकडच्या निगेटिव्ह मार्किंगच्या परीक्षांना बसलेल्या पोरींना हे वाचून नवल वाटणार नाही. म्युरिअल नीडर्ले आणि लिसे व्हेस्टरलुंड यांचा 2007 चा अभ्यास तर आता पाठ्यपुस्तकांत गेलाय. पाच मिनिटांत दोन आकडी संख्यांच्या बेरजा करायच्या. बेरजांत पुरुष आणि बायका बरोबरीने उतरले. मग पर्याय दिला, प्रत्येक बेरजेमागे ठरावीक पैसे घ्या किंवा स्पर्धेत उतरा, जिंकलात तर जास्त. 73 टक्के पुरुषांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी 35 टक्क्यांनी. कुवत तीच, पण उडी मारणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी. त्या अभ्यासाचा दुसरा भाग लोक विसरतात. ज्यांना येत नव्हतं असे पुरुषही मोठ्या संख्येने स्पर्धेत उतरले होते. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच हा दुसरा प्रश्न विचारलेला आहे, की पुरुष जरा जास्तच स्पर्धा करतात का?

स्वीडनमधल्या ‘जेपर्डी’ या टीव्ही खेळाचाही असाच अभ्यास झाला आहे. त्यात मध्येच आपल्या गुणांपैकी किती पणाला लावायचे हे स्पर्धकाने ठरवायचं असतं. समोर दोन्ही प्रतिस्पर्धी पुरुष असले की बायका हात राखून पैज लावतात, असं संशोधकांना आढळलं. म्हणजे रांगेत बाई एकटीच असणं, यानंही तिचा खेळ बदलतो. कमी बायका आल्या म्हणून आणखी कमी टिकतात, असं हे चक्र.

इथे कुणीतरी हटकून म्हणणार, हे स्वभावातच असतं हो, बायका मुळात सावध. त्यांच्यासाठी आपल्याच देशातला दाखला आहे. उरी ग्नीझी, केनेथ लिओनार्ड आणि जॉन लिस्ट यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. टांझानियातले मसाई, जिथे कारभार पूर्णपणे पुरुषांच्या हाती, आणि मेघालयातले खासी, जिथे घर-मालमत्ता आईकडून धाकट्या मुलीकडे जाते. खेळ साधा होता. तीन मीटरवर ठेवलेल्या बादलीत टेनिसचा चेंडू दहा वेळा टाकायचा. प्रत्येक यशाला ठरावीक पैसे घ्या, नाहीतर अनोळखी प्रतिस्पर्ध्याला हरवून तिप्पट घ्या. मसाई पुरुषांपैकी 50 टक्क्यांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी 26 टक्क्यांनी. खासींमध्ये पारडं फिरलं. बायका 54 टक्के, पुरुष 39 टक्के. स्वभाव म्हणून जे आपण सांगतो, त्यात घराची चावी कुणाच्या कमरेला आहे याचा वाटा मोठा असतो.

आता परत कोल्हापूरकडे. या गावाला मुलींच्या शिक्षणाचं वावडं कधीच नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्याच्याही आधी त्यांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शाळांची देखरेख सोपवली होती. त्यांच्या कन्या कृष्णाबाई केळवकर दरबाराच्या मदतीने डॉक्टर होऊन इथल्याच दवाखान्यात रुजू झाल्या. ताराराणी विद्यापीठ, कमला कॉलेज ही नावं इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या बायकांच्या बोलण्यात माहेरच्या नावासारखी येतात. 2024 च्या दहावीच्या निकालात राज्यात मुलींचं उत्तीर्णतेचं प्रमाण 97.21 टक्के होतं, मुलांचं 94.56. हे दरवर्षीचंच आहे, निकालाच्या दिवशी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा पेपरवाल्यांकडे तयारच असतो. मग दहावीला पुढे असलेल्या या मुली पुढे प्रश्नमंजूषेच्या रांगेत का दिसत नाहीत?

स्पर्धा परीक्षांचा दाखला इथे उपयोगी पडतो, कारण तिथे चेहरा न बघता पेपर तपासले जातात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2022 च्या नागरी सेवा परीक्षेत पहिल्या चारही क्रमांकांवर मुली होत्या. एकूण निवडलेल्या 933 जणांत मात्र मुली 320. वर अव्वल आणि खाली एक तृतीयांश, हे चित्र करोडपतींच्या यादीशी जुळतं. विशेष म्हणजे आयोग महिला उमेदवारांकडून परीक्षेचं शुल्कही घेत नाही. तरीही अडतं, कारण अडतं ते शुल्कापाशी नाही. पोरगं तीन वर्षं अभ्यासिकेत बसलं तर ‘अटेम्प्ट देतंय’ म्हणतात. पोरगी दोन वर्षं बसली की पाव्हणे विचारायला लागतात, किती दिवस चालायचं हे?

आणि लग्नानंतर? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 88. हा फरक दोनशे मिनिटांचा, म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त. वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायला, क्रिकेटचे जुने विक्रम पाठ करायला, मित्रांबरोबर कट्ट्यावर बसून ‘सांग बघू’ खेळायला लागतो तो हाच वेळ. सामान्यज्ञान हे रिकाम्या वेळेत साचतं. ज्याला रिकामा वेळ त्याच्याकडे ते साचणार.

शिवाय ‘सामान्य’ कुणाचं, हाही प्रश्न आहे. कविता चावला ज्या साडेसात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या तो प्रथम श्रेणी क्रिकेटचा होता. पदार्पणातच द्विशतक करणारा पहिला भारतीय कोण? उत्तर गुंडप्पा विश्वनाथ. त्या प्रश्नात वावगं काही नाही. पुरुषांपैकीही फार थोड्यांना तो आला असता. थांबण्याचा निर्णयही शहाणपणाचा होता, चुकीचं उत्तर दिलं असतं तर कोटीवरून थेट 75 लाखांवर घसरण होती. पण वर्षभराचे प्रश्न एकत्र बघितले तर क्रिकेट, लढाया, राजकारण, शोध लावणारे पुरुष आणि त्यांना मिळालेली पदकं यांचा वाटा मोठा असतो. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता कसा बसतो, बाळाला कोणती लस कितव्या महिन्यात, रेशन कार्डावर कुणाचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागतं, हेही ज्ञानच. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ते नाव घरातल्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं असावं असं ठरवलेलं आहे. हा प्रश्न मी कॉलेजांत विचारून बघितला. मुलांच्या संघांनी ‘वडील’ सांगितलं, आणि ज्या मुलीनं बरोबर सांगितलं तिला आईबरोबर रांगेत उभं राहून ते माहीत झालं होतं.

फोनचा मुद्दा साधा वाटतो, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या खेळांची वाट कायम फोनमधून गेली. 2000 साली घरातला लँडलाइन, मग एसएमएस, मग मिस्ड कॉल, आता ॲप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका 33 टक्के, पुरुष 57 टक्के. आकडे कोरडे वाटत असतील तर बबिता ताडे आठवा. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला 1500 रुपये मानधन. हॉट सीटवर त्यांना विचारलं, पैसे मिळाल्यावर स्वतःसाठी काय घ्याल? त्या म्हणाल्या, मोबाइल. घरात सगळ्यांत मिळून एकच होता. देशातल्या सर्वांत मोठ्या प्रश्नमंजूषेत कोटी जिंकणाऱ्या बाईकडे, त्या खेळात नाव नोंदवायला लागणारं साधन स्वतःचं नव्हतं.

म्हणूनच 2020 चा हंगाम लक्षात ठेवण्यासारखा. करोनामुळे त्या वर्षी निवडीची सगळी प्रक्रिया घरबसल्या, ॲपवरून झाली. ऑडिशनसाठी दुसऱ्या शहरात जायचं नाही, रजा नाही, ‘बरोबर कोण येणार’ हा प्रश्न नाही. आणि त्याच वर्षी चारही करोडपती बायका निघाल्या. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला कळतं. चारच जणी आहेत, त्यातली एक आयपीएस अधिकारी, तिला रजेची अडचण आली तरी परवानगीची आली नसती. पण कोल्हापुरातून मुंबईला जायचं म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र, तिथे राहायची सोय, मागे पोरांच्या डब्याची आणि सासूच्या गोळ्यांची व्यवस्था, हे ज्या बाईने केलंय तिला या मुद्द्यासाठी संख्याशास्त्र लागणार नाही.

उलट बाजूनं पाहा. मराठी टीव्हीवर बायकांनी भरून वाहिलेला स्पर्धेचा कार्यक्रम होता की! ‘होम मिनिस्टर’. 2004 मध्ये सुरू झाला आणि आदेश बांदेकर अठरा वर्षं महाराष्ट्रभर हिंडले. असंख्य वहिनी दारात उभ्या राहून हसल्या, उखाणे घेतले, खेळल्या, पैठणी जिंकली. बायकांना कॅमेऱ्याची भीती वाटते, त्यांना चारचौघांत बोलता येत नाही, हरण्याची लाज वाटते, या सगळ्या सबबी त्या कार्यक्रमाने रोज संध्याकाळी खोट्या ठरवल्या. फरक एवढाच, की तिथे कार्यक्रम बाईच्या घरी यायचा. घरच्यांची परवानगी बांदेकरांनी आधीच काढलेली असायची, सासू शेजारी बसलेली असायची. आणि बाईला विचारायचं ते नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, लग्न कसं जमलं त्याबद्दल. मला त्या कार्यक्रमाची टिंगल करायची नाही, माझ्या घरातही तो आवडीनं बघितला जायचा. पण वाहिन्यांनी वाटणी कशी केली ती पाहा. पुरुषाला ज्ञानाचा खेळ आणि कोटीचा चेक, बाईला घरचा खेळ आणि पैठणी. 2022 मध्ये तिचीच किंमत 11 लाखांपर्यंत चढवली, पण बक्षीस साडीच राहिलं.

मराठीतल्या करोडपतीने ही वाटणी मोडायची संधी घेतली होती. ईटीव्ही मराठीवर 2013 मध्ये सचिन खेडेकर यांच्यासह ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं, 2016 मध्ये कलर्स मराठीवर स्वप्निल जोशी, 2019 मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे, मग 2021 पासून पुन्हा खेडेकर. मातृभाषेत प्रश्न आले की निम्मा दबाव उतरतो. हिंदीत बोलायचं या धास्तीनंच नाव न नोंदवणाऱ्या बायका खेडोपाडी पुष्कळ आहेत. मंजुळेंच्या पर्वात तर समोरच्या माणसाला गावाकडच्या बोलीत बोलायचा संकोच वाटणार नाही असा सूत्रधार होता. हा कार्यक्रम सलग, दरवर्षी, न चुकता झाला असता तर आज चित्र वेगळं असतं असं माझं मत आहे. तो या वाहिनीवरून त्या वाहिनीवर गेला, मध्ये मध्ये वर्षं कोरडी गेली. बावीस वर्षं वाट बघायची चिकाटी असलेली बाई कोल्हापूरला मिळाली, पण वाट बघायला कार्यक्रम तर चालू राहायला हवा.

आणखी एक गोष्ट खटकते. पुरुषाने खूप वाचलंय म्हणून तो आला, एवढं पुरतं. बाई आली की तिच्यामागे कहाणी लागते. तिचा संघर्ष दाखवणारी चित्रफीत, पार्श्वसंगीत, प्रेक्षकांत डोळे पुसणारी मुलगी. पुरुषांच्या कहाण्या दाखवत नाहीत असं नाही, 2011 मध्ये पाच कोटी जिंकलेल्या मोतीहारीच्या सुशील कुमारची गरिबीही भरपूर दाखवली गेली. तरी ज्या बाईचं सगळं बरं चाललंय, जिला फक्त भूगोल आवडतो, अशी बाई मला या खुर्चीवर क्वचितच दिसली. समाजकार्य करणाऱ्यांसाठीच्या ‘कर्मवीर’ भागात 2019 मध्ये सिंधुताई सपकाळ आल्या, तो मान योग्यच होता. पण थोर बाईला पाहुणी म्हणून बोलावणं सोपं असतं. साध्या बाईला स्पर्धक म्हणून आणणं अवघड.

उपाय काय, यावर बीबीसीने 2014 मध्ये आपल्यापुरता निर्णय घेतला. विनोदी प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांत सगळेच पुरुष असलेलं पॅनेल चालणार नाही. त्यावर तिथे बरीच खडाजंगी झाली, बाईला दाखवण्यापुरतं बसवणार का वगैरे. स्पर्धकांच्या बाबतीत असा कोटा मला स्वतःला नको वाटतो. ज्या बाईनं जिंकलं तिच्याबद्दल उद्या कुणी ‘जागा राखीव होती’ म्हणायला नको. त्यापेक्षा चाळणी बदलावी. ऑडिशन जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा फोनवर व्हावी. बझर आणि बोटाच्या वेगावर खुर्ची ठरवण्याऐवजी एखाद्या फेरीत सगळ्यांना लेखी उत्तर द्यायला लावावं. प्रश्न काढणाऱ्या चमूत बायका असाव्यात. शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत तर हे उद्यापासून करता येईल, दर फेरीला बझर पुढच्या सदस्याकडे सरकवायचा आणि ज्याच्यासमोर बझर त्यानेच उत्तर द्यायचं. मी हा नियम लावतो. पहिल्या फेरीत मुली अडखळतात, तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्याकडूनही चुकीची उत्तरं ठणकावून यायला लागतात, आणि मला ती प्रगती वाटते.

वाहिन्यांकडे माझं मागणं त्याहून लहान आहे. पुढचा हंगाम संपेल तेव्हा तीन आकडे पडद्यावर दाखवा. नाव नोंदवलेल्यांत बायका किती, ऑडिशनला पोचलेल्यांत किती, हॉट सीटवर बसलेल्यांत किती. गळती नेमकी कुठे होते ते त्या तीन आकड्यांत दिसेल, आणि मग त्यावर काय करायचं याची चर्चा अंदाजाने करावी लागणार नाही. तोवर कोल्हापुरातल्या ज्या घरांत रात्री नऊ वाजता आतून आधी उत्तर येतं, त्या घरातल्यांनी नोंदणी सुरू झाल्यावर फोन आत नेऊन द्यावा.